महापौरांचं भाषण संपलं, आता फाइल शोधा

विदर्भातल्या एका महापालिकेत मी २९ वर्षं लिपिक होते. आधी जन्म-मृत्यू, मग बांधकाम, शेवटची अकरा वर्षं लेखा विभाग. शहराचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्यासोबत रोज डबा खाल्ला त्यांची उणीदुणी काढायची नाहीत असं निवृत्तीच्या दिवशीच ठरवलं होतं. या काळात डझनभर महापौर पाहिले. हार-शाल-नारळ झाला की प्रत्येकाचं पहिलं भाषण जवळपास एकच: गोरगरिबांना हक्काचं घर, गुळगुळीत रस्ते, आणि अलीकडच्या काही वर्षांत तिसरं, उन्हाळ्यात नागरिकांची काळजी. ते खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. बहुतेक जण त्या क्षणी मनापासून बोलतात. पण भाषणाला जावक क्रमांक नसतो.

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं. त्याआधी कित्येक वर्षं बऱ्याच ठिकाणी प्रशासकच कारभार पाहत होते. आता पुन्हा नगरसेवक आले, महापौर आले, भाषणंही आली. आमच्या मागच्या वस्तीतल्या बाया मला विचारतात, "मॅडम, महापौर तर बोलले, पण आमचं कधी होते मंग?" त्यांना तोंडी सांगून सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढते आहे.

सही कोणाची?

लोक महापौरांकडे रस्ता मागायला जातात. महापौर "करून देऊ" म्हणतात आणि स्वीय सहायक वहीत लिहून घेतो. ती वही मी पाहिली आहे, दर अडीच वर्षांनी ती नवी येते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ वाचला तर चित्र स्पष्ट आहे. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. महापौरांना नगरसेवक निवडतात, ते महासभा म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा चालवतात, विषय पुढे आणतात, मत बरोबरीत आलं तर निर्णायक मत देतात. पैशाचे मोठे विषय स्थायी समितीत जातात, तिथे सोळा सदस्य असतात. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा, तिथली समितीही मोठी, पण तिजोरीची किल्ली तिथेही आयुक्तांकडेच.

त्यामुळे महापौरांकडे विषय मागा. "आमच्या वस्तीचा हा विषय येत्या महासभेच्या विषयपत्रिकेवर घ्या," इतकंच. विषय आला की त्याला क्रमांक मिळतो, सूचक आणि अनुमोदकाचं नाव लागतं, इतिवृत्तात नोंद होते. नंतर कोणी म्हणू शकत नाही की असं काही ठरलंच नव्हतं. विषयपत्रिकेच्या शेवटी "ऐनवेळचे विषय" नावाची एक ओळ असते, तिच्यावर डोळा ठेवा. चर्चा नको असलेल्या गोष्टी तिथून सरकतात, आणि खरं सांगायचं तर वस्तीची चांगली कामंसुद्धा कधी कधी तिथूनच सरकवून घेता येतात.

ठराव झाला म्हणून पेढे वाटू नका. आयुक्तांना ठराव कायद्यात बसत नाही असं वाटलं तर ते शासनाला कळवतात आणि शासन कलम ४५१ खाली तो निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. आमच्याकडे एका ठरावाची वस्तीत मिरवणूक निघाली होती, आणि पुढे तो विखंडित झाल्याचं पत्र मीच आवक वहीत चढवलं. वस्तीत कोणी सांगायला गेलं नाही.

अंदाजपत्रकाचं पुस्तक

आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, समिती त्यात आपली भर घालून महासभेपुढे ठेवते. पुस्तक जाडजूड असतं, बहुतेक महापालिकांच्या संकेतस्थळावर मिळतं. घाबरू नका. पहिली वीस पानं म्हणजे भाषण, ती सोडून द्या. मागच्या कोष्टकांत प्रत्येक लेखाशीर्षासमोर, म्हणजे खर्चाच्या खात्यासमोर, साधारण चार रकाने असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाची तरतूद. वर्तमानपत्रात शेवटचा रकाना छापून येतो. तुम्ही पहिला वाचा. ज्या शीर्षाखाली दरवर्षी दोन कोटींची तरतूद होते आणि खर्च बारा लाखांच्या पुढे सरकत नाही, ते शीर्ष कोणाला तरी शोभेसाठी हवं आहे. आमच्या विभागात म्हणायचे, तरतूद म्हणजे साखरपुडा, देयक (बिल) निघालं म्हणजे लग्न.

आणखी दोन गोष्टी पाहा. एक, टोकन तरतूद. शीर्ष उघडं राहावं म्हणून त्यात लाखभर रुपये टाकून ठेवतात. हे वाईटच असतं असं नाही, कारण उघड्या शीर्षात वर्षाच्या मध्ये दुसरीकडून पैसे वळवता येतात, आणि शीर्षच नसेल तर सगळं अडतं. दुसरी गोष्ट, स्पिल. मागच्या वर्षी कार्यादेश (काम सुरू करायचा आदेश) दिलेली पण बिलं न निघालेली कामं. नव्या महापौरांच्या पहिल्या वर्षाचा बराचसा पैसा या जुन्या बिलांतच जातो. तेव्हा "नव्या कामांना प्रत्यक्षात किती उरले?" हा प्रश्न आपल्या नगरसेवकाला महासभेत विचारायला लावा. त्याला कदाचित माहीत नसेल. विचारल्यावर माहीत होईल.

उन्हाचं शीर्ष कुठे आहे?

इथे थोडं थांबते, कारण फसगत सगळ्यात जास्त इथेच होते.

उष्णतेचा कृती आराखडा हा शब्द आता सगळ्या महापौरांच्या तोंडी आहे. सुरुवात अहमदाबादने केली. २०१० च्या मे महिन्यात तिथे पारा ४६.८ वर गेला, आणि नंतरच्या अभ्यासात त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं दिसलं. २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने आराखडा केला. मग २०१६ मध्ये नागपूरने केला. नागपूरचा हिशोब वेगळा सांगायला नको, २३ मे २०१३ ला तिथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. (३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं, पण आमच्या व्हॉट्सअॅपवर ते ५६ अजून फिरतात.)

आराखडा कागदावर चांगलाच असतो. कोणत्या दिवशी इशारा द्यायचा, दवाखान्यात शीत कक्ष कुठे, दुपारी बागा उघड्या ठेवायच्या, पाणपोया कुठे लावायच्या. पैसे कुठून यायचे, हे मात्र लिहिलेलं नसतं. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने २०२३ मध्ये देशातले ३७ आराखडे तपासले, तेव्हा पैशाचा स्रोत सांगणारे फक्त ११ निघाले. त्यातल्याही ८ आराखड्यांनी संबंधित विभागांना आपापल्या पैशातून भागवायला सांगितलं होतं. लेखा विभागात अकरा वर्षं बसलेल्या बाईला याचं नवल वाटलं नाही.

वरून दिनदर्शिकाच आपल्या विरुद्ध. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्या दिवशी नवी तरतूद हातात येते. मग प्राकलन (कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज), तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा. पहिल्या वेळी कोणी भरत नाही, दुसरी मागणी काढायची. कार्यादेश हातात पडेपर्यंत मृग लागतो. उन्हाळ्यासाठी ठेवलेला पैसा पावसाळ्यात खर्चायला येतो, आणि मार्चमध्ये "निधी अखर्चित" म्हणून परत जातो. मी स्वतःच्या हाताने अशी ग्रीन नेटची, म्हणजे सावलीच्या हिरव्या जाळ्यांची, फाइल नस्तीबद्ध (बंद) केली आहे. जाळ्या जुलैत आल्या होत्या.

म्हणून उन्हाळ्याची मागणी दसरा-दिवाळीच्या सुमारास करा. विभाग पुढच्या वर्षीची मागणी तेव्हाच तयार करत असतात आणि चालू वर्षाचं सुधारित अंदाजपत्रकही त्यानंतर ठरतं. सुधारितमध्ये रक्कम बसली तर जानेवारीत निविदा निघू शकते आणि होळीपर्यंत काम होतं. एप्रिलमध्ये महापौरांना निवेदन देऊन फोटो काढणाऱ्यांना मी काही बोलत नाही, पण त्यांचं काम पुढच्या वर्षीचं समजायचं.

आणि नवं शीर्ष मागत बसू नका. जुन्या शीर्षात उन्हाळ्याचं काम बसवा, माझ्या सगळ्या नोकरीचं शहाणपण एवढंच आहे. पाणपोई पाणीपुरवठ्यात बसते. बागेची दुपारची वेळ बदलायला पैसाच लागत नाही, आदेश लागतो. महापालिकेच्या शाळेचं आणि अंगणवाडीचं छत "इमारत दुरुस्ती"त बसतं, आणि ती इमारत महापालिकेच्या मालकीची असल्यामुळे कोणाचा पट्टा (जागेच्या हक्काचा कागद), कोणाची परवानगी असली भानगड राहत नाही. छतापासून सुरुवात करा असं मी म्हणते त्याला कारण आहे. लग्नानंतरची बारा वर्षं मी टिनाच्या खोलीत काढली. मागच्या मे महिन्यात वस्तीतल्या चार घरांत साधे थर्मामीटर टांगले. दुपारी तीनला बाहेर निंबाच्या सावलीत ४२, आत टिनाखाली ४६. रात्री अकराला ओट्यावर ३४, आत ३७. टिन लवकर निवतं, पण सिमेंटच्या भिंती आणि खिडकी नसलेली खोली निवत नाही. त्या खोलीत बाळंतीण झोपलेली होती.

छताला पांढरा रंग लावण्याचा प्रयोग अहमदाबादने २०१७ पासून केला, तेलंगणाने २०२३ मध्ये त्याचं राज्य धोरण काढलं. घरात दोन ते पाच अंशांचा फरक पडतो असं अशा प्रयोगांचा अनुभव सांगतो. आम्ही वस्तीत चुन्यात डिंक घालून स्लॅबच्या आठ घरांना लावला. स्लॅबवर तो धरतो, टिनावर धरत नाही, पहिल्या सरीत ओघळतो. टिनाला चांगला परावर्तक रंगच हवा, तो महाग, म्हणून तिथे महापालिका हवी. नागपुरात भर उन्हाळ्यात चौकांवर हिरव्या जाळ्या लावल्या, दुपारचे सिग्नल बंद ठेवले. बरं आहे, दुपट्टा गुंडाळून गाडीवर बसलेल्या पोरीला दोन मिनिटं सावली मिळते. पण टिनाखालची माणसं सिग्नलवर नसतात.

घर: आधी जागा कोणाची

महापौर म्हणाले "हक्काचं घर", की पहिला प्रश्न: आमची वस्ती कोणाच्या जमिनीवर आहे? महापालिकेची असेल तर महासभेत विषय येऊ शकतो. नझूल, म्हणजे शहरातली सरकारी जमीन, असेल तर जिल्हाधिकारी. नागपुरात सुधार प्रन्यासची असू शकते. रेल्वेची किंवा वनाची असेल तर महापौरांचं भाषण तिथे पोचत नाही, स्वतःची समजूत काढून घ्या आणि खासदाराचा दरवाजा धरा. भूमी अभिलेखच्या कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, त्यावर धारकाचं नाव असतं. आमच्या मागच्या वस्तीत निम्मी जमीन महापालिकेची आणि निम्मी नझूल निघाली, सीमा एका घराच्या स्वयंपाकघरातून जाते. त्या घरची सून म्हणते, चुलीला पट्टा मिळाला, न्हाणीला नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतः घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो, पण त्यासाठी जागेचा कागद लागतो. म्हणजे आधी पट्टा, मग आवास. घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या जोडनावावर लागतं, तेव्हा आधार आणि शिधापत्रिकेवरची नावं आधीच जुळवून ठेवा, अर्ध्या फाइली तिथेच अडतात. पैसे टप्प्याटप्प्याने येतात आणि प्रत्येक टप्प्याचा जिओ-टॅग फोटो लागतो. जोता झाला की फोटोसाठी मागे लागा, स्लॅबपर्यंत थांबू नका. अडीच लाखांत घर पुरं होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पैसे कमी पडले की लोक टिन टाकतात आणि आपण फिरून थर्मामीटरपाशी येतो. नकाशा करणाऱ्याला एवढं तरी सांगा की समोरासमोर दोन खिडक्या काढ.

रस्त्याच्या आधी प्राकलन

सिमेंट रस्ता मंजूर झाला की लोक खूश होतात. मीही व्हायची. मग आमच्या गल्लीतला रस्ता घरापेक्षा वर गेला आणि पहिल्याच पावसात गडरचं (गटाराचं) पाणी देवघरात आलं. कोणाची चूक ते सांगत नाही, पण ती पकडता कशी आली असती ते सांगते.

प्राकलनात कामाच्या बाबी ओळीने लिहिलेल्या असतात. त्यात "जुना रस्ता खोदून काढणे" ही बाब आहे का बघा. नसेल, तर जुन्यावरच नवा चढणार. खाली डीएलसीचे (पायाच्या कोरड्या काँक्रीटचे) दहा-पंधरा सेंटिमीटर, वर पीक्यूसीचे (वरच्या पक्क्या काँक्रीटचे) वीसेक, म्हणजे सरळ फूटभर उंची. बाब असेल आणि खोदत नसतील तर काम थांबवून जेईला (कनिष्ठ अभियंत्याला) फोन करा, कारण त्या बाबीचं बिल निघणार आहे. दुसरं, झाडाच्या बुंध्याभोवती जागा सोडली आहे का. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, अर्जात तो दाखला द्या. गट्टू (फरशीचे सिमेंट ब्लॉक) बुंध्याला भिडवले की दोन-तीन वर्षांत निंब वाळतो, आणि गल्लीतली ४२ ची सावली जाते. तिसरं, निविदेतला दोष दायित्व कालावधी. त्या मुदतीत रस्ता फुटला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. भिंतीवर खडूने मुदत लिहून ठेवा, आमच्या किराणा दुकानदाराने लिहिली आहे.

हे कागद मिळतात कुठे? २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक संस्थांच्या कार्यालयात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. शासन निर्णयाची प्रत सोबत न्या, कारण खिडकीवरच्या पोराला तो ठाऊक नसतो. प्रत हवी असेल तर माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. निविदा महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता दिसतात.

अर्ज असा लिहा

पाल्हाळ नको. "आपणांस माहीतच आहे" नको. मी हजारो अर्ज वाचले, पहिल्या दोन ओळींत काम कळलं नाही तर तो खालच्या गठ्ठ्यात जातो. हा नमुना:

"प्रति, मा. महापौर. प्रत: मा. आयुक्त, कार्यकारी अभियंता (प्रकल्प), शिक्षण अधिकारी. विषय: प्रभाग क्र. — मधील महापालिका शाळा व दोन अंगणवाड्यांच्या छतास परावर्तक रंग लावण्याबाबत. महोदय, सदर इमारती महापालिकेच्या मालकीच्या असून छत टिनाचे आहे. 'इमारत दुरुस्ती' या लेखाशीर्षात चालू वर्षी तरतूद रु. — असून आजपर्यंतचा खर्च रु. — आहे. शिल्लक रकमेतून सदर काम सुधारित अंदाजपत्रकात समाविष्ट करून जानेवारीत निविदा काढावी व हा विषय येत्या महासभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. सोबत: छताचे फोटो, पाच दिवसांचे तापमान, ४० पालकांच्या सह्या."

खर्चाचा आकडा लिहिला की अर्ज वाचणाऱ्याची पाठ ताठ होते, मी स्वतः झालेली अनुभवली आहे. सह्या खऱ्या घ्या, एकाच पेनाच्या नकोत.

अर्ज दोन प्रतींत न्या. एकीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, नंतर मारतो" म्हटलं तर बाकावर बसा, पाण्याची बाटली सोबत असू द्या, बहुतेक झोन ऑफिसांत कूलर साहेबांच्या खोलीकडे तोंड करून असतो. पंधरा दिवसांनी त्या क्रमांकावर विचारा, फाइल कोणत्या टेबलावर आहे. टेबल बदललं नसेल तर तिथल्या बाईशी नीट बोला. बहुधा तिच्याकडे दोन टेबलांचं काम असतं, आणि कोणी आवाज न चढवता बोललं की फाइल गठ्ठ्यातून वर येते.